आकडा एकच, तरी स्टाफ लहान-मोठा का छापला जातो?

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत बँड शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न आलाय. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला त्यांचा बँड वाजणार आहे. त्यासाठी त्यांनी स्वरलिपी छापायच्या लिलीपॉन्ड या सॉफ्टवेअरच्या २.२४ आवृत्तीत राष्ट्रगीत, राज्यगीत आणि संचलनाचा एक मार्च लिहून काढला. पहिली दोन गाणी त्यांनी स्वतः टाइप केली. मार्च एका सहकाऱ्यानं म्यूझस्कोअर या स्वरलिपीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता, तो म्यूझिक-एक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) करून लिलीपॉन्डमध्ये घेतला. वर एक मुख्य फाइल आहे, तिच्या डोक्यावर स्टाफचा, म्हणजे स्वरलिपीच्या पाच रेघांच्या पट्टीचा, आकार १६ दिलाय आणि खाली तिन्ही फाइली जोडल्यात.

त्यांच्या तक्रारी अशा. तिन्ही एकत्र छापलं की तिन्ही मोठ्या स्टाफमध्ये येतात. वर तेच १६ ठेवून एकेक वेगळं छापलं की दोन गाणी बरोबर येतात, मार्च मात्र मोठाच. बँडमास्टरच्या पूर्ण स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या प्रतीत) साइड ड्रमची ओळ बारीक करायला गेले तर नोटा बारीक झाल्या, रेघा आहेत तेवढ्याच राहिल्या. गाण्याच्या शब्दांना लावलेला देवनागरी फॉन्ट मध्येच उडाला. आणि झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या प्रतींचा आकार या कशाशीच जुळेना. विचारतात, हा सॉफ्टवेअरचा दोष आहे का, आणि सगळं म्यूझस्कोअरमध्ये नव्यानं करावं का?

सर, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण तुम्ही गोंधळलात यात काही नवल नाही. ‘स्टाफचा आकार’ आपण एक गोष्ट समजतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये तो चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी ठरतो. प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळ्या गोष्टींना लागतो, आणि काही ठिकाणचे आकडे एकमेकांना गुणले जातात. कोणता आकडा कशाला लागतो हे एकदा कळलं की तुमच्या पाचही तक्रारींची कारणं दिसतील.

आधी माप नीट समजून घेऊ. लिलीपॉन्डमधला १६ म्हणजे स्टाफच्या वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत १६ पॉइंट. इथला पॉइंट छापखान्याचा जुना पॉइंट आहे, एका इंचात ७२.२७. त्यामुळे १६ पॉइंट म्हणजे ५.६ मिलिमीटर, आणि काहीच न सांगता मिळणारा २० म्हणजे ७ मिलिमीटर. म्यूझस्कोअर पूर्ण स्टाफ मोजत नाही, दोन रेघांमधलं एक अंतर मोजतो. ते मुळात १.७५ मिलिमीटर असतं. स्टाफमध्ये अशी चार अंतरं, म्हणजे पुन्हा ७ मिलिमीटरच. पूर्वी हाताने स्वरलिपी लिहिणारे लोक पाच टोकांच्या लेखणीनं, रास्ट्रलनं, एका फटक्यात पाचही रेघा ओढत. आपल्याकडच्या तिफणीसारखंच ते: फणांमधलं अंतर एकदा ठरलं की सगळ्या वावरात ओळी तेवढ्याच अंतरावर पडणार. आकार बदलायचा तर लेखणीच बदलायची. सॉफ्टवेअरमध्ये एकाच पानावर चार लेखण्या चालू असतात आणि आपल्याला एकच दिसत असते.

आता तुमची पहिली, सगळ्यात मोठी तक्रार. तुमची मार्चची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि पहिल्या तीस-चाळीस ओळी वाचा. म्यूझिक-एक्सएमएलमधून लिलीपॉन्डची फाइल बनवणारं साधन मूळ फाइलमधलं स्टाफचं माप उचलतं आणि ‘सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ’ ही ओळ स्वतःहून लिहून टाकतं, पुढे लांबलचक दशांशांचा आकडा देऊन. सहकाऱ्यानं म्यूझस्कोअरचं मूळ माप तसंच ठेवलं असेल तर तो आकडा १९.९ च्या आसपास असेल. म्यूझिक-एक्सएमएलमध्ये हे माप नोंदवायची पद्धतच आहे: अमुक मिलिमीटर म्हणजे ४० दशांश-एकक, आणि ४० एककं म्हणजे एका स्टाफची उंची. म्हणजे संगीताबरोबर मूळ पानाचा आकारही पाहुण्यासारखा तुमच्या घरात आला.

पुढचं फार लक्ष देऊन वाचा, कारण ‘कधी असं, कधी तसं’ वाटतं ते यामुळेच. ही आज्ञा जिथे लिहिली तिथून पुढच्याच संगीताला लागते असं आपण गृहीत धरतो. तसं नाही. फाइलमध्ये वेगळे ‘बुक’ विभाग केलेले नसतील तर लिलीपॉन्ड सगळे स्कोअर गोळा करतो आणि फाइल वाचून झाल्यावर एकत्र पानांवर मांडतो. तोपर्यंत शेवटी दिलेला आकडा जो असेल, तोच सगळ्यांना लागतो. तुमचं वरचं १६ वाचलं गेलं, मग मार्चच्या फाइलमधल्या १९.९ नं ते पुसलं, आणि राष्ट्रगीतसुद्धा १९.९ मध्ये छापलं गेलं. वेगळं छापताना राष्ट्रगीताबरोबर मार्चची फाइल नव्हती, म्हणून ते बरोबर आलं. जोडलेल्या फाइलींचा क्रम उलटा करूनही फरक पडणार नाही, कारण बाकी दोन फाइलींत आकड्याची ओळच नाही. मुख्य फाइलीत १६ ची ओळ जोडण्यांच्या खाली नेली तर पडेल. पण ते वरवरचं मलम झालं. मार्चमधली ती ओळ काढून टाका.

तिथेच असाल तर ‘पेपर’ विभागही बघा. त्या साधनानं कागदाची लांबी-रुंदी आणि समासही उचललेले असतात. रुंदी २१.५९ सेंटिमीटर दिसली तर मूळ स्कोअर अमेरिकन लेटर कागदावर केलेला होता. ए-४ ची रुंदी २१ सेंटिमीटर. असा पीडीएफ प्रिंटरला ‘पानात बसवा’ म्हणून दिला की तो सगळं ९७ टक्क्यांवर आणतो. झेरॉक्सबद्दलची तुमची तक्रार इथून सुरू होते. तो अख्खा विभाग पुसा आणि कागद मुख्य फाइलीत एकदाच ठरवा. बाहेरून आलेल्या कोणत्याही फाइलीत मी आधी हेच करतो: फक्त स्वर आणि शब्द ठेवतो, मापाशी संबंधित सगळं काढतो.

काही वाचक मार्च थोडा बारीक आणि राष्ट्रगीत ठळक हवं म्हणून प्रत्येक स्कोअरच्या ‘लेआउट’मध्ये ‘लेआउट-सेट-स्टाफ-साइझ’ वापरतात. ते चालतं, पण त्याची हद्द ओळखून वापरा. त्या स्कोअरच्या आतलं संगीत लहान होतं. मथळा लहान होत नाही, कारण मथळा त्या स्कोअरचा नसून पानाचा असतो. दोन ओळींमधली उभी जागाही पानाच्या मापानंच मोजली जाते. म्हणून बारीक स्टाफ आणि त्यांच्यामध्ये मोकळी पट्टी असं विसविशीत पान तयार होतं. तीन वेगळे आकार हवेच असतील तर मी तीन ‘बुक’ विभाग करतो आणि प्रत्येकाच्या आधी आकडा देतो. बुक विभाग संपताक्षणी मांडला जातो, त्यामुळे त्याला तोवरचाच आकडा लागतो, नंतरचा नाही. पान, मथळा, अंतर, सगळं एका मापात येतं.

आता साइड ड्रम. तुम्ही त्या स्टाफला ‘फॉन्टसाइझ’ उणे ३ दिलंत. नावातच सांगितलंय की ते फॉन्टचं माप आहे. नोटांची डोकी, विराम, चिन्हं ही फॉन्टमधून येतात, ती लहान झाली. स्टाफच्या रेघा फॉन्टमधून येत नाहीत, त्या काढल्या जातात, आणि त्यांच्यातलं अंतर ‘स्टाफ-स्पेस’ नावाचा वेगळा गुण ठरवतो. पूर्वी आम्ही ही दोन मापं स्वतः जुळवायचो. फॉन्टसाइझच्या सहा पायऱ्यांत आकार दुप्पट किंवा निम्मा होतो, म्हणून उणे ३ म्हणजे ७०.७ टक्के. तेवढंच अंतर स्टाफ-स्पेसला द्यायचं, मग रेघांची जाडी, मग बीमची, म्हणजे नोटा जोडणाऱ्या आडव्या पट्टीची जाडी. एक जरी विसरलं तर स्टाफ विचित्र दिसायचा, आणि का विचित्र दिसतोय हे पटकन कळायचं नाही. २.२० आवृत्तीपासून ‘मॅग्निफाय-स्टाफ’ आहे. तुमच्याकडे २.२४ आहे, तेव्हा फॉन्टसाइझची ओळ काढा आणि त्या स्टाफच्या ‘विथ’मध्ये मॅग्निफाय-स्टाफ ०.७ लिहा. रेघा, नोटा, दांड्या, बीम सगळं एकत्र लहान होईल.

पण इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ध्यानात आली की पुढची कित्येक कोडी सुटतात. स्टाफला दिलेली आज्ञा स्टाफच्या घरातल्यांनाच लागू होते. गाण्याचे शब्द ‘लिरिक्स’ नावाच्या शेजारच्या घरात राहतात. टेम्पोची खूण, सरावाची अक्षरं, बारचे (तालाच्या घरांचे) क्रमांक हे सगळे ‘स्कोअर’च्या म्हणजे वाड्याच्या घरात राहतात. म्हणून स्टाफ ७० टक्के केला तरी त्याखालचे शब्द आणि वरचा टेम्पो होते तेवढेच दिसतात. दोष नाही तो, व्यवस्था आहे: टेम्पोची खूण सगळ्या वाद्यांची असते, एका ड्रमची नसते. शब्द बारीक करायचे तर लिरिक्सलाच सांगावं लागतं. कोणतीही गोष्ट ‘आकार ऐकत नाही’ असं वाटलं की आधी तिचं घर कुठलं ते शोधा.

देवनागरी फॉन्ट उडाला त्याचं कारण पुन्हा तीच आयात ओळ. २.२४ मध्ये सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ चालली की तिच्या आधी ठरवलेले फॉन्ट पुसले जातात आणि मूळचे परत येतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आकार, नंतर फॉन्ट. आणि फॉन्ट ठरवताना त्यात ‘फॅक्टर’ द्यायला विसरू नका, म्हणजे स्टाफची उंची भागिले २० पॉइंट. तो दिला नाही तर फॉन्ट २० च्या स्टाफला शोभेल असा येतो आणि तुमच्या १६ च्या स्टाफखाली शब्द सव्वापट मोठे दिसतात. रोमन अक्षरांत हे एखाद्या वेळी खपून जातं. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार-ऋकार आणि जोडाक्षरं. शब्द सव्वापट झाले की खालच्या स्टाफच्या नोटांना जाऊन भिडतात. ‘द्राविड’, ‘उत्कल’ अशा शब्दांपाशी नजर टाका, गडबड असेल तर तिथे आधी दिसेल.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन तो मुद्दा: झेरॉक्सवर लहान करणं.

तुम्ही लिहिलंय की संचलनात वाद्याला अडकवायच्या कार्डांसाठी ए-४ ची प्रत ए-५ वर झेरॉक्स करून घेता. ए-४ वरून ए-५ म्हणजे ७०.७ टक्के. योगायोगानं फॉन्टसाइझ उणे ३ इतकंच. १६ पॉइंटचा स्टाफ त्यात ४ मिलिमीटरच्या खाली जातो. तो खिशात ठेवायच्या अभ्यास-स्कोअरचा आकार झाला. चालत, ड्रमच्या तालावर पाय टाकत, उन्हात डोळे बारीक करून सातवीतल्या मुलानं क्लॅरिनेटवर तो वाचायचा, हे त्या मुलावर अन्याय करणारं आहे. मुलं चुकतात, आपण म्हणतो सराव कमी पडला. मी जालन्यात एका चर्चच्या नाताळच्या कॉयरसाठी असंच केलं होतं. वेळ कमी होता, मी झेरॉक्सवरच आकार कमी करून घेतला. संध्याकाळच्या दिव्यात अल्टोच्या बायकांना लेजर रेघेवरची (स्टाफबाहेरच्या जादा रेघेवरची) नोट कोणती ते कळेना, आणि त्या पाठ असलेल्या जागीही थांबत होत्या. तेव्हापासून झेरॉक्सवर आकार बदलणं मी बंद केलं.

मुद्दा लहान आकाराचा नाही. लहान आकार चांगला दिसू शकतो, पण तो लहान म्हणून घडवलेला असावा लागतो. लिलीपॉन्डचा स्वरलिपीचा फॉन्ट आठ वेगळ्या मापांत काढलेला आहे, ११ पॉइंटपासून २६ पॉइंटपर्यंत. ही एकाच चित्राची लहान-मोठी आठ रूपं नाहीत. बारीक मापात डोकी आणि रेषा प्रमाणानं जाड ठेवल्यात, म्हणजे शाई बसली तरी आकृती तुटत नाही. जुने पोलादी ठसे करणारे कारागीर हेच करायचे. स्टाफच्या रेघांचंही तसंच. २० पॉइंटच्या स्टाफला रेघ ०.५ पॉइंट जाड असते, १६ ला साधारण ०.४७. स्टाफ एक पंचमांश लहान झाला, रेघ फक्त सहा-सात टक्क्यांनी बारीक झाली. आता १६ ची प्रत झेरॉक्सवर ए-५ केली की रेघ ०.३३ वर येते. तोच आकार लिलीपॉन्डकडून थेट मागितला असता तर रेघ ०.४२ च्या आसपास मिळाली असती. टोनर कमी असलेल्या मशीनवर या फरकानं रेघ तुटते, आणि तुटक रेघेवरची नोट सा आहे की रे हे मुलाला अंदाजानं ठरवावं लागतं.

कार्डाचा प्रश्न झेरॉक्सशिवाय सुटतो, आणि सोपा आहे. ए-५ आडवा धरला तर त्याची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे उभ्या ए-४ इतकीच. फक्त उंची निम्मी, १४८ मिलिमीटर. म्हणून कागद ए-५ आडवा सांगा, ओळीची लांबी १८० मिलिमीटर ठेवा, स्टाफ १६ च राहू द्या. ओळी बहुतेक ए-४ वर जिथे तुटत होत्या तिथेच तुटतील. एका वाद्याचा राष्ट्रगीताचा पार्ट एका कार्डावर बसतो. ते ५२ सेकंदांचं आहे, ओळी फार होत नाहीत. मार्चला दोन कार्डं किंवा मागची बाजू लागेल. मग एका ए-४ वर दोन कार्डं शंभर टक्के मापात छापा आणि मधून कटरनं कापा. मुलाच्या हातात ५.६ मिलिमीटरचा स्टाफ येईल, चालताना वाचता येईल असा. बसून वाजवायच्या प्रतींना मी १६ वापरत नाही. एका स्टँडवर दोघं वाचत असतील तर २० तरी हवाच, २१-२२ दिला तरी जास्त होत नाही.

म्यूझस्कोअरमध्ये जायचं का? सहकाऱ्यांबरोबर फाइली फिरवायच्या असतील तर जरूर जा, पण आकाराचा गोंधळ चुकवायला म्हणून जाऊ नका. तिथेही हेच थर आहेत, नावं वेगळी. पानाच्या मांडणीत रेघांमधलं अंतर, स्टाफच्या गुणधर्मांत त्या स्टाफचे टक्के, शिवाय ‘लहान स्टाफ’ची चौकट जी मुळात ७० टक्के धरते. दोन्ही दिले तर गुणाकार होतो: ८० टक्के आणि वर लहान स्टाफ म्हणजे ५६ टक्के. मजकुराच्या प्रत्येक शैलीत ‘स्टाफच्या आकाराप्रमाणे’ अशी खूण असते. ती काढलेली असेल तर ते अक्षर जागचं हलत नाही, आणि मथळ्याला ती मुळातच नसते. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पार्टपाशी: प्रत्येक पार्टची शैली स्वतंत्र असते. पूर्ण स्कोअरमध्ये अंतर बदललं म्हणून ट्रम्पेटच्या पार्टमध्ये बदलत नाही. पानाच्या मांडणीतलं ‘सर्व पार्टना लावा’ हे बटण दाबावं लागतं. फिनाले या स्वरलिपीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली कुणाकडे असतील तर त्यात पान, ओळ आणि स्टाफ असे तीन टक्के एकमेकांना गुणले जातात. २०२४ मध्ये फिनालेचं काम बंद झाल्यानं त्या फाइली आता म्यूझिक-एक्सएमएलमधून बाहेर येताहेत, आणि येताना ती मापं सोबत आणताहेत.

सरांनी विचारलं नाही, पण शाळेत थिअरीच्या सरावाचे कागद करणाऱ्यांसाठी एक सांगतो. स्वरांच्या लहान-लहान ओळी चित्र म्हणून वर्डमध्ये टाकल्या की पानाच्या रुंदीपेक्षा मोठं चित्र वर्ड आपोआप आखडतो, लहान चित्र तसंच ठेवतो. चार बारची ओळ बारीक आणि दोन बारची मोठी दिसते ती यामुळे. सगळ्या ओळी एकाच रुंदीच्या करून निर्यात करा, किंवा चित्राची टक्केवारी प्रत्येकाला एकच द्या. कोपरा धरून ओढू नका.

आता छापण्याआधी काय तपासायचं ते. स्टाफची उंची पट्टीनं मोजून फारसं काही कळत नाही, ५.६ आणि ५.४ मधला फरक शाळेच्या पट्टीवर दिसत नाही. त्याऐवजी स्टाफची रेघ आडवी मोजा. ओळीची लांबी १८० ठेवलीय, पहिल्या ओळीचं इंडेंट (सुरुवातीला सोडलेली जागा) शून्य केलंय, तर छापलेली रेघ १८० मिलिमीटर भरली पाहिजे. १७४.६ च्या जवळ भरली तर प्रिंटरनं ९७ टक्के केलंय. दुकानदाराला ‘पानात बसवा’ बंद करून ‘मूळ आकार’ निवडायला सांगा. १२७ भरली तर त्यानं ए-५ चं बटण दाबलंय. रेघ बरोबर १८० भरली आणि तरी स्टाफ मोठा वाटला, तर चूक छपाईत नाही, फाइलीत आहे. तेव्हा सगळ्या जोडलेल्या फाइलींत ‘स्टाफ-साइझ’ हा शब्द शोधा. तो सगळ्या मिळून एकदाच सापडायला हवा, मुख्य फाइलीत, फॉन्टच्या ओळींच्या वर.

तुमची साइड ड्रमची ओळ, मार्चच्या फाइलच्या पहिल्या ५० ओळी आणि फॉन्टची ओळ मला पाठवली तर मी बदल करून परत पाठवतो. छपाईला मात्र एक कार्ड आधी काढा, दुकानातच उभं राहून पट्टी लावा, मगच बाकीच्या प्रती काढायला सांगा.